सासऱ्यांसाठी उंची हॉटेल

सांगायला तोंड नाही आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही, अशी माझी गत झाली आहे. तेव्हा जरा सरकून बसा, तो दुबईच्या करक चहाचा कप इकडे द्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसलात तर मला लागतं.

तर मंडळी, मी राहतो शारजात आणि नोकरी करतो दुबईत. एसीच्या डक्टिंगची कंपनी. कुठल्या बिल्डिंगमध्ये, कुठल्या खोलीत, किती हवा सोडायची याचं मी कोटेशन काढतो. थोडक्यात काय, गेली सोळा वर्षं मी लोकांना हवा विकतो. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे बादली.

चौदा वर्षांपूर्वी आमचं लग्न झालं आणि आम्ही महाबळेश्वरला गेलो. मी एक लॉज घेतला होता. साधा, स्वच्छ, सज्जन लॉज. सकाळी गरम पाणी मागितलं, तर मॅनेजर म्हणतो, "बादलीचे वीस रुपये वेगळे." आता तुम्हीच सांगा, खोलीचं भाडं घेतल्यावर आंघोळीचं पाणी काय वेगळा पाहुणा आहे? मी वाद घातला. चांगला अर्धा तास घातला! शेवटी दोघांत मिळून एक बादली फुकट, असा तह झाला. मला वाटलं, नवी नवरी आपल्या व्यवहारचातुर्यावर खूश होईल.

नवरीनं, म्हणजे आमच्या अश्विनीनं, हा पराक्रम माहेरी जाऊन हसत हसत सांगितला. संपलं! त्या दिवसापासून अख्ख्या कराडात मी "बादलीवाले जावई".

पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी मला काय दिलं असेल? पितळी बादली. चकचकीत, वर लाल रिबीन. बादलीच्या तळाशी सोन्याची अंगठी होती हो, पण ती कुणाला दिसली? फोटोत बादलीच आहे. तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये अजून टांगलेला आहे.

हे माझे सासरे, अप्पा. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. जन्मभर दुर्बीण लावून धरणांच्या भिंती नि कालव्यांच्या पातळ्या मोजल्या. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. माणूस मोठा मिश्कील, पण कुणाकडे कधी काही मागितलं म्हणून नाही. त्यांच्या खोलीत चाळीस वर्षं एक नकाशा लावलेला आहे, त्यावर तिबेटात एक लाल टिंब. ल्हासा! "जगाच्या छपरावर माणसानं एवढा राजवाडा बांधला कसा, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय," एवढंच ते म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. बरे झाले, पण तेव्हा दवाखान्यातून अश्विनीला म्हणाले, "तेवढं ल्हासा राहिलं बघ."

अश्विनी रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नकोस. येत्या सुट्टीत अप्पांना ल्हासाला मी नेणार!"

खरं सांगतो, मनात प्रेम होतंच. पण प्रेमाच्या मागे बादली उभी होती. ल्हासात असं काही झकास हॉटेल घ्यायचं, की हॉलमधला तो फोटो अप्पांनी स्वतःच्या हातानं उतरवला पाहिजे!

शारजाशेजारच्या अजमानला एका कॅफेटेरियाच्या वर परकारभाईंचं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. मूळचे दापोलीकडचे, इथे तीस वर्षं झाली. मी विषय काढल्याबरोबर त्यांनी टेबलावर हात आपटला.

"ल्हासा? विसा, परमिट, गाडी, गाईड, सगला आमच्याकडे. खलास! तुमी फक्त हॉटेल पसंत करा."

त्यांनी पाच हॉटेलांची यादी दिली. मी ती फोटोंसकट अप्पांना पाठवली. आता इथे दुबई-शारजात व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुसरं ॲप अप्पांना जमत नाही. आणि हॉटेलासारख्या गोष्टीसाठी मिनिटाचे पैसे मोजून साधा फोन कोण लावणार? मग काय, सगळा कारभार मेसेजवर.

आणि अप्पांचे मेसेज म्हणजे सरकारी तार. ना पाल्हाळ, ना प्रश्नचिन्ह. शब्दाला पैसे पडतात अशा हिशोबानं लिहिणार. उत्तर आलं:

"हॉटेलबाबत. उंची नको. खालचे चालेल."

वाचलंत? उंची नको! खालचे चालेल! म्हणजे मी एकदा, आयुष्यात एकदा, सासऱ्यांना उंची हॉटेलात उतरवायला निघालो, तर हे म्हणतात खालच्या दर्जाचंच बघा, तुमची झेप आम्हाला माहीत आहे. सरळ सरळ टोमणा! मला त्या अक्षरांमागे बादली हलताना दिसली.

मी लिहिलं, "अप्पा, संकोच नको. उंचीच घेणार."

उत्तर: "आग्रह नको. उंची बाधते."

बाधते! म्हणे बाधते! भरजरी गादीवर झोपून कुणाला काय बाधलंय आजवर?

मी यादीतलं पहिल्या नंबरचं हॉटेल निवडलं. लॉबीत एवढं मोठं झुंबर. फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना उत्तर आलं, "झुंबर पाहिले. उंची किती"

बघा! एका झुंबरात भाषा बदलली! "उंची किती!" मी खुर्चीतच उडालो. आमचा मॅनेजर म्हणाला, "ऑल ओके?" मी म्हटलं, "हबीबी, फादर इन लॉ इम्प्रेस्ड!" त्यानंही टाळी दिली.

मी लगेच अप्पांना लिहिलं, "एकदम टॉप!!"

पलीकडून: "टॉप नको. डॉक्टरांस विचारले. उंची झेपणार नाही म्हणतात."

आता मात्र माझा पारा चढला. डॉक्टर? अहो, कराडच्या डॉक्टरांचा माझ्या खिशाशी काय संबंध? म्हणजे बादली दवाखान्यापर्यंत पोचली तर! हे तिथे जाऊन बीपी मोजून घेतात की जावयाची लाज काढतात? मला काय झेपतं आणि काय नाही, हे आता स्टेथोस्कोप लावून ठरणार का?

संध्याकाळी घरी आलो तो तणतणतच. अश्विनी मुलीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. हॉटेल हे सरप्राइज असल्यामुळे मी तिला यादी दाखवलेली नव्हती.

"तुझे अप्पा म्हणतात, उंची नको."

"बरोबरच आहे ना त्यांचं. त्यांना कुठे सवय आहे उंचीची?"

"सवय नाही म्हणून काय झालं? एकदा अनुभव घेऊ दे की!"

"या वयात? आणि त्रास झाला म्हणजे?"

"उंचीनं कधी कुणाला त्रास झालाय का?"

"मिलिंद, माणसं मरतात! दर वर्षी बातम्या येतात."

"बिल बघून मरत असतील," मी म्हटलं. "माझ्यासोबत असताना कुणी मरणार नाही."

तिनं इस्त्री बाजूला ठेवून माझ्याकडे असं काही बघितलं, की मला वाटलं, नवऱ्याचा दिलदारपणा बघून बाई गहिवरली.

आमची इरा अकरा वर्षांची आहे. मराठीतलं तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, व्हॉट्स उंची?"

"उंची म्हणजे लक्झरी, बेटा. उंची साडी, उंची अत्तर, उंची हॉटेल."

तिनं फोनवर काहीतरी केलं. "बट गूगल सेज इट मीन्स हाइट."

"गूगलला मराठी येत नाही!" मी गरजलो.

हे वाक्य तेवढं विसरा. नाही, नकाच विसरू. सगळ्या किश्श्यात मी छातीठोकपणे बोललेलं तेच एक वाक्य आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तडक अजमान गाठलं. "परकारभाई, झुंबरवालं कॅन्सल. मला त्याच्याही वरचं पाहिजे."

"त्याच्या वरचा?" परकारभाईंनी चष्मा कपाळावर घेतला. "हाय एक. शहराच्या बाहेर. एकदम वरचा."

"वरचं म्हणजे अगदी वरचं ना? मागाहून कुणी म्हणायला नको, की याच्याही वर काही होतं."

"साहेब, त्याच्या वर हॉटेल नाय. त्याच्या वर फक्त अल्ला."

"मग हेच! आणि त्यातही सगळ्यात वरचा मजला."

"वरती फॅमिली सूट हाय. काचेच्या खिडक्या, सगली व्हॅली दिसते. पण साहेब, एक गोष्ट," परकारभाईंनी हॉटेलचा मेल वाचला. "खालच्या रूमला ऑक्सिजन भिंतीतून येतो, फ्री. वरच्या सूटला एक्स्ट्रा. दिवसाचे ऐंशी दिरहम."

"कशाचे?"

"ऑक्सिजनचे. हवेचे."

"ऐंशी दिरहम! म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये! हवेचे?"

मंडळी, मी हवेच्या धंद्यातला माणूस. हवेचा भाव मला कुणी शिकवावा? आणि खोलीचं एवढं भाडं घेतल्यावर हवा काय वेगळी पाहुणी आहे?

"ते काही नको," मी म्हटलं. "खिडकी उघडू."

"पक्का? तकलीफ होते बोलतात लोक."

"परकारभाई, आम्ही सह्याद्रीची माणसं. यल्ला, बुक करा!"

"जैसी तुमची मर्जी. इन्शाल्ला सगला चांगला होईल," असं म्हणून त्यांनी बटन दाबलं. आता आठवतंय, तेव्हा त्यांचा आवाज जरा पडलेलाच होता.

मी अप्पांना कळवलं, "हॉटेल पक्के. याच्या वर काही नाही."

मग एकच शब्द आला: "बरे."

तो "बरे" वाचून मला भरून आलं. स्वाभिमानी माणूस, शेवटी जावयाच्या प्रेमापुढे झुकला! मला कुठे माहीत, तो कराडातला माणूस त्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन उंचीवर घ्यायच्या गोळ्यांचं जास्तीचं पाकीट घेऊन आला होता ते.

जुलैत अप्पा शारजाला आले. दोन दिवस राहिले. अश्विनी त्यांना घेऊन नातेवाइकांच्या खरेदीला फिरत होती, मी सुट्टीच्या आधीची कोटेशनं संपवत होतो. जेवताना अप्पा म्हणाले, "जावईबापू, हॉटेलचं एकदा बोलायला हवं."

"अप्पा, एक अक्षर काढायचं नाही! तुम्ही फक्त यायचं."

"बरं," म्हणाले, आणि एक पांढरी गोळी माझ्या पानाशेजारी ठेवली. "ही घेत चला. डॉक्टरांनी सगळ्यांसाठी दिली आहे. आजपासून सुरू."

"मला कशाला? मी काय म्हातारा आहे?"

अश्विनीनं घेतली. इरानं घेतली. मी माझी गोळी अप्पांच्या डबीत परत टाकली.

मधे एक मुक्काम करून ल्हासाच्या विमानतळावर उतरलो. शारजाच्या भट्टीतून आलेले आम्ही, थंडगार वारा लागला तशी इरा नाचायलाच लागली. आकाश एवढं निळं की बघवत नव्हतं. गाईडनं गळ्यात पांढरे रेशमी पट्टे घातले. अप्पा पाय टाकत होते ते अगदी मोजून मापून, जणू पायाखाली नवी साडी अंथरली आहे. मी मात्र चार बॅगा एकट्यानं गाडीत भरल्या. दिलदार जावई ना!

तासाभरानं शहर आलं. लांब टेकाडावर राजवाडा दिसला. अप्पांनी खिडकीच्या काचेला हात लावला. त्यांनी कोटाच्या खिशातून एक जुनं पितळी यंत्र काढलं, खिशातल्या घड्याळाएवढं. नोकरीच्या काळातलं.

"तीन हजार सहाशे पन्नास," ते म्हणाले. "ठीक. इथपर्यंत डॉक्टरांची हरकत नाही."

गाडी मात्र थांबली नाही. शहर मागे टाकून वळणं घेत वर निघाली.

"तीन हजार सातशे," अप्पा म्हणाले.

"हे काय आहे, अप्पा?" मी विचारलं.

"उंचीमापक."

"काय मापक?"

"उंची. उंची मोजतं. तीन हजार आठशे. जावईबापू, मी तुम्हाला चार वेळा लिहिलं होतं, उंची नको."

मंडळी, त्या वळणावर माझ्या डोक्यात जो काही प्रकाश पडला ना! एकेक मेसेज डोळ्यांपुढून सरकायला लागला. उंची नको. उंची बाधते. उंची किती. उंची झेपणार नाही. अहो, जन्मभर धरणं मोजलेला माणूस! त्याच्या तोंडी "उंची" म्हणजे दुसरं असणार तरी काय? भरजरी गाद्या?

"अप्पा," मी म्हणालो, "मला वाटलं, उंची म्हणजे... उंची."

अश्विनीनं मागून विचारलं, "उंची म्हणजे उंची म्हणजे काय?"

"म्हणजे भारीतलं."

इरानं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "गूगल वॉज राइट, बाबा."

"तीन हजार नऊशे वीस," अप्पांनी वाचलं, आणि गाडी थांबली.

हॉटेल खरोखरच वरचं होतं. आम्ही वरच्या मजल्यावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मी घाबरून अप्पांकडे बघत होतो. यांना काही झालं तर? चाळीस वर्षांची इच्छा, न्यूमोनियातून उठलेला माणूस, आणि मी त्यांना, त्यांनी हात जोडून नको म्हटलं असताना, ढगांत आणून टाकलं! बादलीची लाज परवडली. हे जन्मभर पुरलं असतं. माझं डोकं गरगरायला लागलं. मला वाटलं, पश्चात्तापानं गरगरतंय.

अप्पा मात्र खिडकीशी गेले. हळूच पडदा सरकवला. खाली सगळं खोरं पसरलेलं, मधे नदी, आणि टेकाडावर तो लाल-पांढरा राजवाडा, अख्खाच्या अख्खा. अप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खालच्या हॉटेलातून हा असा दिसला नसता. उंची आहे हो हॉटेल. दोन्ही अर्थांनी."

मला रडूच आलं. चौदा वर्षांत पहिली शाबासकी! मी म्हणणार होतो, "अप्पा, तुमच्यासाठी काहीही." तोंड उघडलं, आणि शब्दांऐवजी पोटातून भलतंच काहीतरी वर यायला लागलं.

त्यापुढे मी पलंगावर आडवा. डोक्यात हातोडे. श्वास घेतोय तर अर्धाच येतोय. सोळा वर्षं हवा विकणारा मी, घोटभर हवेसाठी माशासारखा तोंड उघडतोय! "खिडकी उघडा," मी कण्हलो. इरानं उघडली. बाहेरही तीच हवा, तेवढीच पातळ. वरून थंडी आत आली ती वेगळीच.

"त्याला ऑक्सिजन लावायला सांगा कुणीतरी," अश्विनी म्हणाली. "या खोलीत नळी कशी दिसत नाही? खालच्या मजल्यावर तर प्रत्येक खोलीत आहे म्हणे."

मी डोळे मिटून घेतले. काही प्रश्नांना आजारी माणसानं उत्तर द्यायचं नसतं.

"मी बघतो," अप्पा म्हणाले. एकाहत्तर वर्षांचा, गोळ्या घेतलेला, ठणठणीत माणूस! मोजून पावलं टाकत खाली गेले. गाईडला गाठलं, डॉक्टरला बोलावणं धाडलं, दुसऱ्या दिवशी सकाळपासून शहरातल्या हॉटेलात सगळ्यांच्या खोल्या ठरवून टाकल्या. पंधरा मिनिटांत सगळा बंदोबस्त करून परत आले.

येताना त्यांच्या हातात काहीतरी होतं. माझी नजर फिरत होती, आधी नीट दिसेना. मग दिसलं.

बादली! निळी, प्लास्टिकची, आतून स्वच्छ धुतलेली.

अप्पांनी ती माझ्या हनुवटीखाली धरली, दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि खूप मायेनं म्हणाले, "येऊ द्या, जावईबापू. अगदी मोकळेपणानं. मी खाली विचारून आलोय. इथे बादलीचे वेगळे पैसे नाहीत."

अश्विनी तोंडावर पदर... पदर कुठला, जॅकेटची बाही दाबून हसायला लागली. इरानं फोन काढून फोटो घेतला. तो आता कराडच्या हॉलमध्ये लागला आहे, पितळी बादलीच्या फोटोशेजारी.

पण खरी लाजेची गोष्ट ती नाही. खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती अप्पा आता डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगतात. एवढं सगळं झाल्यावर, गाईड ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत दारात आला तेव्हा, मी त्या बादलीतून डोकं वर काढलं आणि पहिला प्रश्न विचारला,

"याचे ऐंशी दिरहम दिवसाचे, की आता अर्ध्या दिवसाचे चाळीस?"